पॉझिटिव्ह आलं म्हणजे कॅन्सर झाला असं नाही

गेल्या अंकात गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरवर मी थोडंसंच लिहिलं होतं, पण त्यानंतर एवढी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आले की यावेळचं प्रश्नोत्तराचं सदर पूर्ण त्याच विषयाला दिलंय. नावं कुणाचीच छापत नाहीये. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, बावीस वर्षं मायक्रोस्कोपखाली स्लाइड बघतेय, आणि या पत्रांमधली भीती बघून मला राहवलं नाही म्हणून पहिलं उत्तर जरा लांबलंय.

डॉक्टर ताई, मी ४३ वर्षांची आहे, धाराशिव जिल्ह्यात राहते. अंगावरून पांढरं जातं म्हणून दाखवायला गेले तर पॅप आणि एचपीव्ही दोन्ही करायला लावलं. पॅप नॉर्मल आलं, पण एचपीव्हीच्या रिपोर्टवर हाय रिस्क पॉझिटिव्ह, १६ आणि १८ निगेटिव्ह असं लिहिलंय. डॉक्टर म्हणाले पिशवी काढून टाका, टेन्शनच नको. सासूबाई पण म्हणतात दोन पोरं झाली, आता पिशवीचं काय काम. मला रात्र रात्र झोप नाही. आणि विचारू की नको असं वाटतंय, पण हा व्हायरस संबंधातून येतो म्हणे, मग आमच्या मिस्टरांचं बाहेर काही असेल का?

ताई, तुम्हाला कॅन्सर झालेला नाहीये. हे आधी दोनदा वाचा, मग पुढचं वाचा.

तुमच्या दोन टेस्टनी दोन वेगळे प्रश्न विचारलेत. पॅप, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशी काचेवर घेऊन बघणं, ते विचारतं की पेशी दिसायला बिघडल्यात का. एचपीव्ही टेस्ट विचारते की ज्याच्यामुळे हा कॅन्सर होऊ शकतो तो एचपीव्ही नावाचा व्हायरस त्या पेशींमध्ये आहे का. तुमचं उत्तर असं आलंय की व्हायरस आहे, पण पेशी अजून बिघडलेल्या दिसत नाहीयेत. १६ आणि १८ हे या व्हायरसचे सगळ्यात खोडसाळ प्रकार, जगातल्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपैकी साधारण ७० टक्के या दोघांमुळे होतात, आणि ते दोन्ही तुमच्यात नाहीयेत. अशा रिपोर्टवर नेहमीची पद्धत म्हणजे वर्षभराने टेस्ट परत करायची. तेव्हाही पॉझिटिव्ह आलं तर कोल्पोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून गर्भाशयाचं तोंड नीट बघायचं आणि संशय वाटला तर तेवढ्याच जागेचा तुकडा काढून तपासायचा. आत्ता पिशवी काढायला या रिपोर्टमध्ये काहीही कारण नाहीये.

मी माझ्या टेबलावर काय बघते ते सांगते. पॅपच्या रंगात वरच्या थरातल्या पेशी गुलाबी केशरी दिसतात, त्याखालच्या निळसर हिरव्या, सगळ्या पातळ पसरट, मधोमध एवढंसं केंद्रक. व्हायरसने ज्या पेशीत ठाण मांडलंय तिचं केंद्रक फुगलेलं, गडद, कडा सुरकुतलेल्या, अगदी मनुकेसारखं, आणि त्याच्याभोवती एक रिकामी पांढरी जागा. ही पेशी दिसली की आम्ही रिपोर्टमध्ये लिहितो. पण लक्षात घ्या, ही पेशी दिसणं म्हणजेसुद्धा कॅन्सर नव्हे, हा व्हायरसचा ठसा आहे, आणि तुमच्या स्लाइडमध्ये तर तोही नाहीये. बहुतेक बायकांच्या शरीरातून हा व्हायरस वर्ष दोन वर्षांत आपोआप निघून जातो. ज्यांच्यात जात नाही त्यांच्यातसुद्धा कॅन्सरपर्यंत पोचायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात (एचआयव्ही असलेल्या बायकांमध्ये हा काळ बराच कमी असतो, त्यांनी लवकर लवकर तपासावं). एवढा मोठा काळ हातात मिळतो म्हणूनच हा कॅन्सर आधी पकडता येतो.

आणि एकदाच केलेल्या एचपीव्ही टेस्टने या कॅन्सरचे मृत्यू किती कमी होतात हे जगाला कुठून कळलं तर तुमच्याच जिल्ह्यातून. ऑक्टोबर १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात एक मोठा अभ्यास सुरू झाला, बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल, मुंबईचं टाटा आणि फ्रान्समधली कॅन्सर संशोधन संस्था मिळून. गावांचे ५२ गट केले, ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ बायका घेतल्या आणि चार भाग केले, एका भागात एचपीव्ही टेस्ट, दुसऱ्यात पॅप, तिसऱ्यात व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी, चौथ्यात नेहमीसारखंच, म्हणजे तपासणी नाही. टेस्ट आयुष्यात फक्त एकदाच. मग आठ वर्षं लक्ष ठेवलं. ज्या भागात तपासणी नव्हती तिथे या कॅन्सरने ६४ बायका गेल्या, एचपीव्हीच्या भागात ३४. जवळपास निम्म्या. आणि एकदा एचपीव्ही निगेटिव्ह आलेल्या बायकांमध्ये पुढे कॅन्सर होण्याचं प्रमाण, पॅप निगेटिव्ह आलेल्यांच्या चौथ्या हिश्श्याहून कमी निघालं. २००९ मध्ये हे छापून आलं आणि नंतर जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्ही टेस्टच पहिली टेस्ट म्हणून करा असं सांगितलं, त्यामागे तुमच्या आजूबाजूच्या गावातल्या या बायका आहेत. चौथ्या भागातल्या बायकांना तपासणीशिवाय ठेवलं यावर नंतर खूप टीका झाली आणि मला ती टीका बरोबर वाटते, त्या ६४ जणी विसरून हा आकडा सांगता येत नाही.

आता पिशवीचं. मराठवाड्यात हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, पांढरं जातंय, पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल, काढून टाका. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या बातम्या आल्या, तिशी पण न ओलांडलेल्या बायकांच्या पिशव्या काढलेल्या, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्यातल्या कितीतरी जणींना कॅन्सरचीच भीती घातलेली होती. पिशवीबरोबर बीजकोश पण काढले की पाळी अचानक बंद होते, हाडं ठिसूळ व्हायला लागतात, घामाच्या लाटा, सांधेदुखी, झोप उडणं, आणि वर ऑपरेशनसाठी काढलेलं कर्ज. गर्भाशयाच्या तोंडावर कॅन्सरच्या आधीचा बिघाड खरंच सापडला तरी बहुतेक वेळा तेवढाच भाग जाळून किंवा तारेच्या कड्याने कापून काढतात, बाई त्याच दिवशी घरी जाते. तुम्ही दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या, दोन्ही रिपोर्ट बरोबर न्या. पांढऱ्या पाण्याचं साधं इन्फेक्शन असेल तर त्यावर गोळ्या असतात, त्याचा या व्हायरसशी संबंध असेलच असं नाही.

मिस्टरांबद्दल विचारलंत ते बरं केलंत, कारण हा प्रश्न मनात ठेवून घरात भांडणं झालेली मी पाहिलीयेत. हा व्हायरस संबंधातून येतो हे खरं, पण तो अनेक वर्षं गप्प बसून राहू शकतो, दहा पंधरा वर्षांपूर्वी आलेला आज टेस्टमध्ये दिसू शकतो, आणि कोणाकडून आला, कधी आला हे सांगणारी कुठलीच टेस्ट नाही. लग्न झालेल्या बहुतेक स्त्रीपुरुषांना आयुष्यात कधी ना कधी तो होऊन जातो. या कागदावरून नवऱ्यावर संशय घेऊ नका, आणि उद्या कुणी तुमच्यावर घेतला तर हे उत्तर त्यांना वाचायला द्या.

मॅडम, मी बारावीला आहे, नीटची तयारी करतोय. हिला (HeLa) सेल्सबद्दल वाचलं की त्या १९५१ पासून लॅबमध्ये वाढतच आहेत. साधी पेशी काही वेळा विभागून थांबते, मग या का थांबत नाहीत? आणि याचा एचपीव्हीशी संबंध आहे असं क्लासमध्ये सर म्हणाले, ते कसं?

सर बरोबर बोलले. हेन्रिएटा लॅक्स नावाची ३० वर्षांची कृष्णवर्णीय बाई, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये आली होती, गर्भाशयमुखाचा कॅन्सर. तिच्या गाठीतला तुकडा तिला न विचारता लॅबमध्ये दिला गेला, तिथले संशोधक जॉर्ज गाय यांनी तो वाढवला, आणि तिच्याच नावावरून त्या पेशींना हिला म्हणतात. ती त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेली, पेशी मात्र जगभर पोचल्या. घरच्यांना कितीतरी वर्षं पत्ता नव्हता. २०२३ मध्ये या पेशींवर धंदा करणाऱ्या एका मोठ्या कंपनीने तिच्या वारसांशी तडजोड केली. तू या पेशींवर पुढे काम करशील तेव्हा तिचं पूर्ण नाव लक्षात ठेव.

आता थांबत का नाहीत. तिच्या पेशींमध्ये एचपीव्ही १८ होता. आपल्या पेशीत दोन राखणदार प्रोटीन्स असतात असं समज, आरबी आणि पी५३. आरबी म्हणतं अजून विभागू नको, थांब. पी५३ डीएनए खराब झालाय का बघतं आणि झाला असेल तर पेशीला थांबवतं किंवा मरायला लावतं. व्हायरसची दोन प्रोटीन्स आहेत, ई६ आणि ई७. ई७ आरबीला धरून बाजूला करतं. ई६ तर आणखी पुढचं करतं, ते पी५३ वर पेशीचीच कचऱ्याची खूण लावून घेतं आणि पेशी स्वतःच्या हाताने आपला राखणदार मोडून टाकते. शिवाय ई६ टेलोमरेज नावाचं एन्झाइम चालू करतं म्हणून क्रोमोसोमची टोकं झिजत नाहीत. व्हायरसला हे सगळं का करावं लागतं माहितेय का, कारण तो आत शिरतो तळाच्या पेशीत आणि त्याला प्रती काढायच्या असतात वरच्या पेशींमध्ये, पण वर येईपर्यंत पेशीने विभागणं बंद केलेलं असतं, डीएनए कॉपी करायची यंत्रणा बंद पडलेली असते. तिला परत जागं ठेवण्यासाठी हा खटाटोप. कॅन्सर करणं हा व्हायरसचा हेतूच नाही, उलट कॅन्सरच्या पेशीतून तो बाहेर पडूच शकत नाही. बहुतेक वेळा त्याचा डीएनए तुटून आपल्या डीएनएत घुसतो, तुटताना ई२ नावाचं प्रोटीन हरवतं जे ई६, ई७ ला लगाम घालायचं, आणि मग ते दोघं मोकाट सुटतात.

मला या सगळ्यात सगळ्यात भारी वाटलेलं काम २००० सालचं आहे, येल युनिव्हर्सिटीतलं. त्यांनी हिला पेशींमध्ये बाहेरून ई२ घातलं, ई६ आणि ई७ दाबले गेले, आणि जवळजवळ पन्नास वर्षं न थांबलेल्या त्या पेशी काही दिवसांत थांबल्या, म्हाताऱ्या पेशींसारख्या मोठ्या चपट्या झाल्या. राखणदार मेले नव्हते, दाबलेले होते. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी तो पेपर लगेच परत वाचला होता. एचपीव्हीचा कॅन्सरशी संबंध दाखवल्याबद्दल हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ चं नोबेल मिळालं, हे परीक्षेतही विचारतात.

मुलगी १२ वर्षांची आहे, पिंपरीला राहतो. एचपीव्हीच्या लसीचा एक डोस पुरतो का दोन लागतात? शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय की या लसीने भारतात मुली मेल्या होत्या. खरं काय?

तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते. २००९-१० मध्ये आंध्र आणि गुजरातमध्ये एका संस्थेचा लसीकरणाचा प्रकल्प चालू होता, त्यातल्या सात मुली दगावल्या. चौकशीत त्या मृत्यूंचा लसीशी संबंध सापडला नाही, पण पालकांची संमती नीट घेतली नव्हती हे मात्र समोर आलं, होस्टेलच्या मुलींसाठी परस्पर सह्या झाल्या होत्या. हे चूकच होतं, आणि त्यातून उठलेला अविश्वास आजपर्यंत टिकलाय. तुमच्या ग्रुपवर दोन्ही गोष्टी सांगा, अर्धीच सांगू नका.

त्या गदारोळात सरकारने एप्रिल २०१० मध्ये लसीचे सगळे अभ्यास थांबवले. त्यात एक वेगळा अभ्यास पण अडकला, दोन डोस आणि तीन डोस यांची तुलना करणारा, १० ते १८ वयाच्या मुलींचा, त्याची केंद्रं मुंबई, पुणे, बार्शीलाही होती. काही हजार मुलींना तोपर्यंत एकच डोस मिळाला होता, पुढचा मिळालाच नाही. संशोधकांनी या मुलींना सोडलं नाही, वर्षानुवर्षं संपर्क ठेवला, लग्न झाल्यावर सॅम्पल घेतले. दहा वर्षांनी दिसलं की एका डोसनेसुद्धा १६ आणि १८ चं टिकून राहणारं इन्फेक्शन सुमारे ९५ टक्के अडवलं. २०२१ मध्ये हे छापून आलं आणि पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने ९ ते २० वयात एक डोससुद्धा चालेल असं म्हटलं.

तुमच्यासाठी सरळ उत्तर असं की एक डोस मिळाला तरी खूप काम होतं, पण आपल्या पुण्याच्या सीरमची लस ९ ते १४ वयात दोन डोससाठी मंजूर आहे, त्यामुळे बालरोगतज्ज्ञ दोन सांगतील आणि परवडत असेल तर दोन द्या. परवडत नाही म्हणून एकही न देणं, ते नको. लसीत जिवंत किंवा मेलेला व्हायरस नसतो, व्हायरसच्या वरच्या कवचाचं नुसतं प्रोटीन असतं, आत डीएनएच नाही, त्यामुळे त्यातून इन्फेक्शन होऊच शकत नाही. आणि लस घेतली तरी तिशीनंतर टेस्ट करायचीच.

एका रक्ताच्या टेस्टमध्ये पन्नास कॅन्सर कळतात अशी जाहिरात बघितली. मग या सगळ्या तपासण्या कशाला, एकदाच पैसे भरून ती केलेली बरी नाही का? (ठाणे, वय ६१)

काका, यातलं विज्ञान खरं आहे. पेशी मरताना तिच्या डीएनएचे तुकडे रक्तात पडतात, गाठीच्या पेशींचेही पडतात, आणि त्या तुकड्यांवरच्या मिथाइलच्या, म्हणजे छोट्या रासायनिक, खुणांवरून तो कुठल्या अवयवाचा असेल याचा अंदाज येतो. पण अमेरिकेतला २०२३ मध्ये छापलेला अभ्यास बघा. ५० वर्षांवरचे ६,६२१ लोक, त्यातल्या ९२ जणांची टेस्ट पॉझिटिव्ह आली, तपासल्यावर खरा कॅन्सर ३५ जणांना निघाला. बाकी ५७ जणांनी भीती आणि पुढच्या तपासण्या भोगल्या, काहींनी तर बायोप्सीसुद्धा. आणि त्या वर्षभरात एकूण कॅन्सर झाला १२१ जणांना, म्हणजे बहुतेकांची टेस्ट निगेटिव्ह आली होती. छोटी गाठ तुकडे पण कमीच सोडते, म्हणून जिथे लवकर पकडायची गरज तिथेच ही टेस्ट कच्ची पडते. इंग्लंडमध्ये १ लाख ४० हजार लोकांवर अभ्यास घेतलाय. त्यापेक्षा ते पैसे वापरून काकूंची एचपीव्ही टेस्ट आणि मॅमोग्राफी करून घ्या, तुमचं तोंड दाताच्या डॉक्टरांना दाखवून घ्या, तंबाखू असेल तर जास्तच.

ताई, मी आशा आहे, नंदुरबारकडे. बायका तपासणीला येतच नाहीत, टेबलावर झोपायला लाजतात, पुरुष डॉक्टर असला तर विषयच संपला. स्वतःच सॅम्पल घ्यायची टेस्ट असते असं ट्रेनिंगमध्ये ऐकलं, ती चालते का? आमच्या पाड्यावर एक काकू आहेत, ५८ वय, त्यांचं म्हणणं माझी पाळी आठ वर्षांपूर्वी बंद झाली, मला काय होतंय, अधूनमधून डाग लागतो तेवढाच.

चालते, आणि चांगली चालते. पॅपला गर्भाशयाच्या तोंडावरच्या नेमक्या जागेच्या पेशी लागतात, जिथे आतलं अस्तर आणि बाहेरचं अस्तर मिळतं तिथल्या, म्हणून ते डॉक्टर किंवा नर्सलाच घ्यावं लागतं. एचपीव्ही टेस्टला पेशी दिसायला नीट असण्याची गरज नसते, व्हायरसचा डीएनए हवा असतो, आणि तो गळून योनीत आलेल्या पेशींमध्येही असतो. मशीन त्या डीएनएची प्रत्येक फेरीत दुप्पट प्रत काढतं, ३० फेऱ्यांत एकाचे १०० कोटींच्या वर होतात, त्यामुळे थोडंसं सॅम्पलसुद्धा पुरतं. अशा पीसीआर टेस्टमध्ये बाईने स्वतः घेतलेलं सॅम्पल डॉक्टरांनी घेतलेल्याच्या जवळपास तोडीचं निघतं. गोव्याच्या मोलबायोचं ट्रूनॅट मशीन टीबीसाठी तुमच्याकडच्या सरकारी दवाखान्यात बघितलं असेल, बॅटरीवर चालणारं छोटं, त्याच मशीनवर आठ प्रकारच्या एचपीव्हीची टेस्ट आता होते, आणि आपल्या तीन सरकारी लॅबमध्ये तिची पडताळणी झालीये, एक मुंबईत परळला. तुमच्या तालुक्यात या टेस्टची चिप येते का हे वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारा, चारपाच आशा मिळून विचारा.

बायकांना सांगताना कॅन्सर शब्दाने सुरुवात करू नका. सॅम्पल घ्यायचा ब्रश दाखवा, हातात द्या, मऊ आहे हे बघू दे. पाळीचे दिवस सोडून, आडोशाला, उभं राहून एक पाय पाटावर ठेवून किंवा उकिडवं बसून आत घालायचा, अडेल तिथे थांबायचं, किटवर लिहिलंय तेवढ्या वेळा फिरवायचा, नळीत टाकायचा. झालं. पण फोन नंबर आणि घर लिहून ठेवा, कारण पॉझिटिव्ह आलेल्या बाईला पुढे तपासणीला नेलं नाही तर त्या टेस्टचा काही उपयोग नाही, आणि तिथे कुणीतरी बरोबर जावं लागतं, बहुतेक वेळा तुम्हीच.

काकूंचं वेगळं आहे. त्यांच्यासाठी ही टेस्ट नाहीच, व्हिनेगरची तपासणी पण नाही, या वयात ती जागा आत सरकलेली असते आणि डोळ्यांना दिसत नाही. पाळी बंद होऊन आठ वर्षांनी डाग लागतोय म्हणजे कारण शोधायलाच पाहिजे, ते साधंही निघू शकतं, पण शिबिराची वाट बघायची नाही. याच आठवड्यात त्यांना जिल्हा रुग्णालयात स्त्रीरोग विभागात घेऊन जा, केसपेपरवर पाळी बंद झाल्यावर आठ वर्षांनी रक्तस्राव हे शब्द लिहून घ्या, सोनोग्राफी आणि बायोप्सीचं विचारा, आणि काय निघालं ते मला कळवा.